दहाव्या ‘किंवा’नंतर

वैशाली राणेंचा फोटो मी स्क्रीनवर मोठा केला आणि म्हणालो, "हा आधी बदला."

त्या माझ्यासमोर बसल्या होत्या. शिवाजी पार्कच्या मागच्या गल्लीत प्रधानबाईंचं वधूवर सूचक केंद्र आहे, त्यांच्याच फ्लॅटच्या पुढच्या खोलीत. या केंद्राचं मोबाईल अ‍ॅप मी बनवलं. ते चालू ठेवणं, अपडेट करणं, बिघडलं तर बघणं हे माझं काम. त्यासाठी मी महिन्यातून एखाद्या शनिवारी तिथे जातो. त्या दिवशी प्रधानबाई आत फोनवर होत्या आणि वैशाली राणे त्यांची वाट बघत बसल्या होत्या. मी लॅपटॉपवर काम करत होतो. बोलायला कोणी नव्हतं म्हणून मीच विचारलं, अ‍ॅपमध्ये काही प्रॉब्लेम येतोय का.

त्या म्हणाल्या, अ‍ॅप चांगलं आहे. फक्त वर्ष होत आलं, कोणी काही विचारलेलं नाही.

मी त्यांचं प्रोफाइल उघडलं. वय अडतीस. परळच्या एका हॉस्पिटलमध्ये लॅब टेक्निशियन. घटस्फोट झालेला, मूलबाळ नाही. राहायला घोडपदेवला, आईबरोबर. फोटो हॉस्पिटलच्या कोटातला, गळ्यात आयकार्ड.

मला लग्नं जुळवण्यातलं काही कळत नाही. मला डेटाबेस कळतो. पण तीन वर्षं या केंद्राचे स्क्रीन बघून मला वाटायला लागलं होतं की हेही कळतं. मी सांगितलं, आयकार्डवाला फोटो नको, थोडा घरगुती लावा. छंदात ‘वाचन’ सगळेच लिहितात, काहीतरी वेगळं लिहा. मग शेवटच्या ओळीवर आलो. तिथे लिहिलं होतं, ‘लग्नानंतर आई माझ्यासोबत राहील.’

"ही ओळ काढा," मी म्हणालो. "वाचणारा इथेच थांबतो. भेटल्यावर सांगता येईल की."

"ती मी मुद्दाम लिहिलीय. नंतर कोणी फसवलं म्हणायला नको."

"कळतंय मला. पण डेटा काय सांगतो ते बघा. वर्षभरात एक फोन नाही."

डेटा. हाच शब्द मी वापरला.

त्यांनी पर्समधून फोन काढला आणि विचारलं, एडिट कुठून करायचं. मी बटण दाखवलं. त्यांनी माझ्यासमोर ती ओळ पुसली, सेव्ह केलं आणि थँक्यू म्हणाल्या. प्रधानबाई बाहेर आल्या तेव्हा मी त्यांना सांगितलंसुद्धा, की वैशाली मॅडमचं प्रोफाइल जरा स्ट्राँग करून दिलंय.

पुढचं सांगण्याआधी थोडं माझ्या कामाबद्दल सांगायला हवं, नाहीतर काय घडलं ते कळणार नाही.

जुन्या पद्धतीच्या डेटाबेसमध्ये माहिती तक्त्यांत असते. त्याला कितीही लांब प्रश्न विचारा. दादर किंवा परळ किंवा लालबाग, पदवीधर किंवा डिप्लोमा, तो शोधत बसतो आणि उत्तर आणून देतो. वेळ लागला तर लागला. आमचा डेटाबेस तसा नाही. तो क्लाउडवर आहे, म्हणजे एका मोठ्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर, आणि त्यात तक्ते नाहीत. प्रत्येक माणसाचं एक स्वतंत्र पान असतं. त्या पानांच्या तयार सूच्या तो आधीच करून ठेवतो आणि उत्तर थेट सूचीतून उचलतो. म्हणून तो खूप फास्ट असतो. पण ‘किंवा’ म्हटलं की त्याला जड जातं. कारण प्रत्येक ‘किंवा’ हा आतून एक वेगळा शोध असतो. मग तो मर्यादा घालतो. आम्ही अ‍ॅप बनवलं तेव्हा एका प्रश्नात दहा पर्याय चालायचे, आणि तेही एकाच रकान्यावर. विभागांची यादीही द्यायची आणि विवाहाच्या प्रकारांची, म्हणजे प्रथम, घटस्फोटित, विधवा-विधुर, अशी यादीही द्यायची, असं एका प्रश्नात जमत नव्हतं.

यातून मी एक वाट काढली होती, आणि ती काढली तेव्हा स्वतःवर खूश होतो. प्रत्येक पानावर मी एक जोडशब्द ठेवला. ‘प्रथम-दादर’, ‘घटस्फोटित-परळ’, ‘विधुर-गिरगाव’ असा. शोधणाऱ्याने जे जे टिक केलं असेल त्याच्या सगळ्या जोड्या अ‍ॅप तयार करायचं आणि ती एकच यादी डेटाबेसला द्यायचं. दोन याद्यांची एक झाली. या वाटेबद्दल मी प्रोग्रामर लोकांच्या एका मीटिंगमध्ये बोललोही होतो. लोकांनी नंतर येऊन प्रश्न विचारले होते.

वैशाली राणेंना सल्ला देऊन काही आठवडे झाले असतील. प्रधानबाईंचा फोन आला. वय सत्तरीच्या पुढे, पण फोनवर त्या कमीच बोलतात. शीव कोळीवाड्याचे एक वैती म्हणून मेंबर आहेत, बँकेत ऑफिसर, पत्नी वारलेली. त्यांची तक्रार आहे, तू बोलून घे, एवढंच सांगितलं.

मी वैतींना फोन केला. गृहस्थ शांत होते. म्हणाले, मला कसलीच अट नाही. विधवा असो, घटस्फोटित असो, मुंबईत कुठेही राहणारी असो. म्हणून मी सगळ्यावर टिक करतो. तर मला फक्त पहिल्या लग्नाच्या मुली दिसतात, त्याही सगळ्या बोरिवली-कांदिवलीच्या. मी पंचेचाळीसचा माणूस, त्या कशाला माझ्याशी बोलतील? मग काल सहज फक्त शीव आणि दादर टिक केलं, तर वेगळीच माणसं दिसली. विधवा, घटस्फोटित, सगळ्या.

"कमी मागितलं तर जास्त मिळतं," ते म्हणाले. "असं कसं?"

मी त्यांना अ‍ॅप काढून परत टाकायला सांगितलं. जुनी माहिती फोनमध्ये अडकून राहते कधीकधी, असं समजावलं. ते म्हणाले, दोनदा टाकून झालंय. मग बघतो म्हटलं आणि फोन ठेवला. मला वाटलं, त्यांचंच काहीतरी चुकतंय.

माझं ऑफिस परळला आहे, जुन्या मिलच्या आवारात. दुपारी जेवण झाल्यावर मी सहज अ‍ॅप उघडलं आणि वैतींसारखं सगळ्यावर टिक केलं. याआधी मी असं कधीच केलं नव्हतं. टेस्टिंग करताना मी नेहमी तीन विभाग आणि तिन्ही प्रकार घ्यायचो. त्याच्या नऊ जोड्या होतात. नऊ म्हणजे दहाच्या आत. दर वेळी बरोबर उत्तर यायचं.

या वेळी बोरिवली आली, कांदिवली आली, मालाड आलं. सगळे ‘प्रथम विवाह’. खाली सरकत गेलो, तेच.

मी कोड उघडला. कोड म्हणजे अ‍ॅपला दिलेल्या सूचना, ओळीखाली ओळ. शोधाची ओळ सापडायला वेळ लागला नाही. तिच्या वरच आणखी एक ओळ होती: जोड्यांची यादी दहापेक्षा मोठी असेल तर पहिल्या दहा घे. आणि बाजूला माझीच टीप, ‘टेम्पररी. नंतर तुकडे करून पाठवायचं.’

ती ओळ लिहिलेली मला आठवत होती. उद्घाटनाच्या आधी प्रधानबाईंच्या घरी डेमो होता. कोणीतरी सगळ्यावर टिक केलं आणि स्क्रीनवर लाल एरर आली. डेटाबेस म्हणत होता, इतके पर्याय मी घेऊ शकत नाही. बघणाऱ्यांमध्ये कुजबुज झाली. मी हसून म्हणालो की किरकोळ आहे, आणि तिथेच कोपऱ्यात बसून ती ओळ घातली. एरर गेली. सगळ्यांनी पुन्हा करून बघितलं, चाललं. मग बटाटेवडे आले. ‘नंतर’ कधी आलं नाही.

आता या दहांत कोण बसायचं ते सांगतो. जोड्या तयार करताना आधी प्रकार, मग विभाग असा क्रम होता. म्हणजे ‘प्रथम’चे सगळे विभाग संपल्यावर ‘घटस्फोटित’चे, आणि त्यानंतर विधवा-विधुर. विभागांची यादी मी बोरिवलीपासून खाली टाइप केली होती. भायखळा-घोडपदेव जवळजवळ शेवटी. जो माणूस ‘मला सगळं चालेल’ म्हणायचा, त्याला पहिले दहा विभाग आणि पहिलं लग्न एवढंच दिसायचं. जो दोन-तीनच विभाग निवडायचा, त्याला ते पूर्ण दिसायचे. पण असे नेमके विभाग निवडणारे लोक बहुतेक वेळा प्रकारही नेमका निवडतात, आणि तो ‘प्रथम’ असतो. जे मोकळ्या मनाचे होते, त्यांच्यापासूनच मी ही माणसं लपवून ठेवली होती.

मी वैशाली राणेंचं पान काढलं. कोणतं प्रोफाइल कोणाला दाखवलं गेलं याची नोंद सिस्टिम ठेवते. ती मी कधी बघितली नव्हती. एका माणसाला त्या दिसल्या होत्या. त्याने उघडून बघितलं आणि पुढे काही केलं नाही. बाकी वर्षभर कोणालाच नाही.

आजूबाजूला माझ्या टीममधली मुलं काम करत होती. मी लॅपटॉप अर्धा बंद केला. कोणी बघत नव्हतं, तरी केला.

दुरुस्ती अवघड नव्हती. यादीचे दहा-दहाचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा वेगळा पाठवायचा आणि आलेली उत्तरं एकत्र करायची. खरं म्हणजे मधल्या काळात त्या कंपनीने मर्यादा वाढवली होती आणि ‘किंवा’ची नवी सोयही दिली होती. मी त्याबद्दल वाचलं होतं, टीममध्ये मेसेजही टाकला होता. स्वतःच्या कोडला हात लावला नव्हता. पण मर्यादा कितीही वाढली तरी सगळं चालेल म्हणणारा माणूस ती ओलांडतोच. तुकडे करावेच लागतात. संध्याकाळपर्यंत केलं, वैतींसारखं सगळ्यावर टिक करून बघितलं, घोडपदेव दिसलं. नवीन अपडेट सोडून दिलं आणि प्रधानबाईंना फोन केला की प्रॉब्लेम सापडला, सुटला, उद्या येऊन सांगतो.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या टेबलावर मी सगळं समजावलं. त्यांनी मधे एकही प्रश्न विचारला नाही. मग स्वतःचा टॅब घेतला, सगळ्यावर टिक केलं आणि बोटाने खाली सरकवत राहिल्या. बराच वेळ सरकवत राहिल्या.

"घटस्फोटित कुठायत?"

मी म्हटलं, येतील, थोडं खाली आहेत.

"किती खाली?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. तुकडे पाठवले होते, पण आलेली उत्तरं मी एकाखाली एक जोडली होती. पहिला तुकडा संपला की दुसरा, मग तिसरा. आधी सगळे ‘प्रथम’, मग बाकीचे. प्रत्येक तुकडा आपल्यापुरता नीट लावलेला येतो, पण सगळे एकत्र केल्यावर पुन्हा एकदा नव्याने लावावे लागतात. ते मी केलंच नव्हतं. घोडपदेव दिसलं याच आनंदात थांबलो होतो.

"म्हणजे अजूनही शेवटीच," प्रधानबाई म्हणाल्या.

मी तिथेच बसून ते बदललं. आता नाव नोंदवल्याच्या तारखेने सगळे मिसळून येतात. त्यांनी पुन्हा टॅब घेऊन बघितलं. पहिल्याच स्क्रीनवर एक विधवा शिक्षिका होती, लालबागची. तिच्याखाली एक प्रथम विवाह, मग एक घटस्फोटित. प्रधानबाई म्हणाल्या की या शिक्षिकेला मी तीन वेळा सांगितलं, धीर धर. माझ्याकडे फायली होत्या तेव्हा मी अशा बायकांची नावं स्वतः काढून दाखवायचे लोकांना. अ‍ॅप आलं, मला वाटलं आता ते करेल.

मग मी कामाचं बोललो. सगळ्या मेंबरना पाठवायला एक मेसेज मी आदल्या दिवशीच तयार करून आणला होता. ‘आमची सर्च सुविधा आता अधिक सक्षम करण्यात आली आहे. कृपया अ‍ॅप अपडेट करा.’ त्यांनी चष्मा लावून वाचला.

"यातून काय कळेल?"

"की अपडेट करायचंय."

"आणि जिला वर्षभर वाटतंय की आपल्यातच काहीतरी खोट आहे, तिला काय कळेल?"

मी म्हटलं, तांत्रिक चूक लोकांना समजावणं अवघड असतं. कोणी गैरसमज करून घेतील. केंद्राचं नाव खराब होईल. हे मी केंद्राच्या काळजीने बोलत होतो असं तेव्हा मला खरंच वाटलं. त्यांनी कागद परत माझ्याकडे सरकवला. म्हणाल्या, ज्यांची ज्यांची नावं दाबली गेली त्यांना मी एकेकीला फोन करणार, आणि बायकांनाच नाही, तशाच पुरुषांनाही. काय झालं ते सांगणार. तू मला यादी काढून दे.

मग, टेबलावरचं आवरता आवरता, म्हणाल्या, "वैशालीला मी फोन नाही करणार. तिच्याकडे तू जा."

मी फोनवर सांगतो म्हटलं. त्या म्हणाल्या, तिचं प्रोफाइल तू समोर बसून स्ट्राँग केलंस ना. मग समोर बसूनच सांग.

घोडपदेवला मी रविवारी सकाळी गेलो. वैशाली राणेंना आधी मेसेज केला होता, अ‍ॅपबद्दल बोलायचंय एवढंच. चाळीचा दुसरा मजला, लांब गॅलरी, दोऱ्यांवर कपडे. त्यांची खोली स्वच्छ होती. दाराजवळ एक मोठी बॅग आणि दोरीने बांधलेला खोका होता. त्यांच्या आईने खुर्ची पुढे केली. साठी-पासष्टीच्या असतील. गुडघे दुखत असावेत, भिंतीला हात लावून चालत होत्या. मी विचारलं, कुठे निघालात का काकी. त्या म्हणाल्या, गावाक. कणकवलीला भाऊ आहे, त्याच्याकडे राहणार. किती दिवस, असं मी विचारलं तेव्हा वैशाली राणेंनी आईकडे पाहिलं, आणि आईने चहा टाकायला पाठ वळवली.

मी सांगायला सुरुवात केली. ‘किंवा’, जोड्या, दहा. घरून तयारी करून आलो होतो, पण मधेच मला जाणवलं की मी पुन्हा एक प्रेझेंटेशन देतोय. थांबलो. म्हणालो, अ‍ॅपमध्ये माझ्या हातून चूक झाली होती, आणि त्यामुळे तुमचं नाव लोकांना दिसतच नव्हतं.

त्यांनी ते नीट ऐकून घेतलं. लॅबमध्ये काम करणाऱ्या आहेत. रिपोर्ट चुकला म्हणजे काय, हे मी त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती.

"म्हणजे कोणी नाही म्हटलं नव्हतं?"

"एका माणसाने बघितलं होतं. त्याने पुढे काही विचारलं नाही. बाकी कोणाला तुम्ही दिसलाच नाहीत."

"वर्षभर."

"हो."

त्या हाताची बोटं एकमेकांत अडकवून बसल्या होत्या. मी म्हणालो, आता सगळं दुरुस्त केलंय, मी स्वतः तपासलंय, आता तुमचं प्रोफाइल व्यवस्थित दिसतंय. मी फार सॉरी आहे.

"आणि फोटो?" त्यांनी विचारलं. "तो बदला म्हणालात. आईची ओळ काढा म्हणालात. ते पण कोडमध्ये होतं का?"

मी नाही म्हणालो. ते कोडमध्ये नव्हतं.

आईने चहाचे कप आणून ठेवले. मला वाटलं होतं त्यांना ओळीचं माहीत नसेल. पण त्यांच्या फोनवरही ते अ‍ॅप होतं. मुलीसाठी स्थळं बघायला त्या रोज ते उघडत. एक दिवस उघडलं तर शेवटची ओळ नव्हती. त्यांनी मुलीला काही विचारलं नाही. कणकवलीला भावाला फोन केला आणि तिकीट काढायला सांगितलं. हे मला वैशाली राणेंनी सांगितलं, आईसमोरच, अगदी साध्या आवाजात. त्यांनाही ते दोन दिवसांपूर्वी कळलं होतं.

"माका वायट वाटूक नाय," आई मला म्हणाली. "पोरीचा बरा होवचा, इतक्याच." मग मुलीकडे न बघता, "चाय घेवन जावा. थंड होता."

मी चहा घेतला. तो पिणं मला जड गेलं, पण न पिणं त्याहून वाईट दिसलं असतं. वैशाली राणे आईला म्हणाल्या की तिकीट रद्द करूया. आई म्हणाली, भावाने खोली रंगवून घेतलीय माझ्यासाठी, आता जातेच थोडे दिवस. थोडे म्हणजे किती ते दोघींपैकी कोणीच बोललं नाही. मी निघालो तेव्हा वैशाली राणे गॅलरीपर्यंत आल्या. मला वाटलं काही बोलतील. त्यांनी फक्त जिना दाखवला. शेवटची पायरी तुटलेली आहे, बघून उतरा, एवढंच म्हणाल्या.

तिथून मी चालत लालबागपर्यंत आलो. गाडी घोडपदेवलाच राहिली होती हे तिथे आल्यावर आठवलं.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो. प्रधानबाईंनी सगळ्यांना फोन केले. त्यात त्यांचे कित्येक दिवस गेले. काही लोक चिडले. काहींनी नाव काढून घेतलं. लालबागची ती शिक्षिका फोनवर म्हणाली, बरं झालं सांगितलंत. वैतींना मी स्वतः फोन करून सांगितलं की तुमचं बरोबर होतं आणि मी तुम्हाला उगाच अ‍ॅप काढायला-टाकायला लावलं. ते म्हणाले, आमच्या बँकेत पण असंच सांगतात.

वैशाली राणेंना त्यानंतर फोन येऊ लागले. वैतींनाही त्या दिसल्या, ते दोघं एकदा भेटले, जुळलं नाही. आणखीही काही लोक भेटले. अजून लग्न झालेलं नाही. आई कणकवलीला गेली ती पावसाळा संपल्यावर परत आली. आता घोडपदेवला असते. प्रोफाइलमधली ती ओळ परत आली आहे, आणि आता ती सगळ्यात वर आहे. फोटोही परत कोटातलाच लावलाय. हे सगळं मला प्रधानबाईंकडून कळतं. वैशाली राणे माझ्याशी बोलत नाहीत असं नाही. केंद्रात भेटल्या तर नमस्कार करतात. मी मान खाली घालतो आणि लॅपटॉपकडे बघतो.

कामाचं म्हणाल तर मी टीममध्ये एक नियम केला आहे. डेटाबेसने ‘इतकं जमत नाही’ असं सांगितलं, तर ते दाबायचं नाही. स्क्रीनवर लाल एरर दिसू दे. डेमोत दिसू दे, क्लायंटसमोर दिसू दे. त्या डेमोच्या दिवशी डेटाबेस खरं बोलत होता. त्याला गप्प केलं ते मी, आणि नंतर सगळं छान चालतंय असं तीन वर्षं सगळ्यांना दाखवत राहिलो. मुलं या नियमाला मान डोलावतात. त्यांनाही हे कळायला बहुधा स्वतःचंच काहीतरी व्हावं लागेल. तसं होऊ नये म्हणून मी त्यांचा कोड आता ओळ न ओळ वाचतो. ‘नंतर करायचं’ अशी टीप दिसली की काम तिथेच थांबवतो.

प्रधानबाईंनी मला कामावरून काढलं नाही. मला थोडं वाटलं होतं की काढतील, आणि थोडं वाटलं होतं की काढावं. पण आता मी गेलो की पहिलं काम त्यांचं असतं. त्या टॅब घेतात, सगळ्या खान्यांवर टिक करतात आणि सावकाश खाली सरकवत नावं वाचतात, अगदी शेवटपर्यंत. तोपर्यंत मी समोर बसून असतो.